पाचाची टोपी, साताची झालर

चंद्रपुरात लोकरीची दुकानं आहेत आणि ती चालतात, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याच्या डोक्यात चंद्रपूर म्हणजे वर्तमानपत्रातला तापमानाचा तक्ता. एप्रिल सरता सरता त्या तक्त्यात आमचं गाव आणि आमच्याच जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी आलटून पालटून पहिला नंबर काढतात. पारा ४५-४६ अंशांवर ठाण मांडतो. बाहेरगावचे पाहुणे नेमके याच दिवसांत येतात, कारण उन्हानं ताडोब्याचं जंगल उघडं पडलेलं असतं आणि वाघ पाणवठ्यावर सापडतो. दिवसभर जिप्सीत भाजून संध्याकाळी आमच्याकडं चहाला आल्यावर त्यांना क्रोशाची शाल विणत बसलेली यजमानीण दिसते. मग ते वाघापेक्षा जास्त वेळ तिच्याकडं बघतात. फोटो मात्र वाघाचाच काढतात.

त्यांना आमचा हिवाळा ठाऊक नसतो. डिसेंबर-जानेवारीत गडचिरोलीकडं रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत तर तो दहावरही थांबला नसावा असं वाटतं. शेकोट्या पेटतात, कानटोप्या निघतात, रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. तिबेटी म्हटल्यावर आपण लगेच हिमालयाकडं बघतो; पण गडचिरोलीच्या शेजारी, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. धानाच्या बांध्यांमधून वाट काढत गेलं की प्रार्थनेच्या पताका दिसू लागतात. तेव्हा झाडीपट्टीत लोकर नवी नाही. आमच्या घरात वाद झाला तो लोकरीवरून नाहीच, आकारावरून झाला.

सासूबाई क्रोशातल्या जुन्या जाणत्या. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात क्रोशानं घरातली एक वस्तू उघडी सोडली नव्हती. रेडिओला कव्हर, मग टीव्हीला कव्हर, टीव्हीवरच्या फुलदाणीखाली गोल रुमाल, दुधाच्या भांड्यावर कडेनं मणी लावलेली जाळी, देव्हाऱ्याला पडदा, दाराला तोरण. माणसं बनियनवर बसलेली चालत, मिक्सर उघडा चालत नसे. रुखवतात क्रोशाचं तोरण नसलं तर मुलीकडच्यांना मान खाली घालावी लागे, म्हणून ज्या मुलीला सुई धरता येत नसे तिच्यासाठी मावश्या रात्री जागून विणत आणि रुखवतावर चिठ्ठी मात्र मुलीच्याच नावाची लागे. निम्म्या विदर्भातल्या रुखवतांची चौकशी लावली तर फार घराणी अडचणीत येतील.

पण या सगळ्या क्रोशाला दोनच आकार ठाऊक होते. गोल आणि चौकोन. गोल ताटावर, चौकोन टेबलावर. मी नणंदेसाठी शाल विणायला घेतली आहे आणि ती त्रिकोणी आहे, म्हटल्यावर सासूबाईंनी चष्मा पुसला. त्या आरमोरीकडच्या, बोली अजून तिकडचीच. "त्रिकोनी काहून? दोरा कमी पडला का वं?"

त्यांचंही चूक नाही. कापडाचं आणि त्रिकोणाचं आपल्याकडं कधी फारसं जमलंच नाही. मागावर उभे धागे जितके ताणले तितकी रुंदी, ती मधेच वाढत नाही की घटत नाही. म्हणून मागावरून उतरतं ते सरळ, चार कोपऱ्यांचं. साडी, धोतर, उपरणं, पंचा, शेला, घोंगडी, सगळे आयत. त्रिकोण हवा तर कात्री हवी, आणि धडक्या कापडाला कात्री लावायला आपला हात धजत नाही. जुनेराला लागते ती कात्री, आणि त्याचे होतात लंगोट. चांगल्या कापडाचा त्रिकोण देवळावर पताका होऊन फडकतो. थोडक्यात, पाळण्यातून उतरल्यावर माणसाच्या अंगाला त्रिकोण लागत नाही.

क्रोशाला माग नाही. एक सुई, एक धागा आणि सुईवर एकच जिवंत टाका. पुढचा टाका कुठं घालायचा ते त्या क्षणी ठरवायचं, त्यामुळं आकाराची सक्ती कुणाची नाही. आणि त्रिकोणी शालीची सोय अशी की टोक पाठीवर राहतं, दोन्ही बाजू खांद्यांवरून पुढं येतात, सावरत बसावं लागत नाही. चौकोनी शाल पांघरलेल्या बाईचा एक हात कायम शालीच्या सेवेत असतो. त्रिकोणीत दोन्ही हात मोकळे. भाकरी थापता येते.

सासूबाईंना मी त्यांच्याच कपाटातली करवतकाठी साडी काढून दाखवली. भंडाऱ्याकडं मोहाडी-आंधळगावात आणि आमच्या नागभीडला विणली जाते ती. अंगाला कोसा, आणि काठावर करवतीच्या दातांची रांग, तीन धोटे चालवून विणलेली. दात म्हणजे त्रिकोणच की, एकाला एक लागून शेकड्यांनी. सासूबाईंनी काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दाते काठाले हायेत. साडी त्रिकोनी हाये का?" वकिलीत गेल्या असत्या तर त्यांनी नाव काढलं असतं.

साडी मात्र परत कपाटात जाण्याआधी एक काम करून गेली. धागा कोणता घ्यायचा, ते तिनं ठरवलं. नणंद पुण्याला असते आणि शाल दुचाकीवर, सिनेमागृहात, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात वापरणार. तिला लोकरीचं ओझं कशाला? कोसा आमच्या झाडीतला. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडतात, पानं खाऊन त्या लठ्ठ होतात, आणि त्या लठ्ठ झाल्या की जंगलातल्या सगळ्या पाखरांना पत्ता लागतो. मग ढिवर कुटुंबातली माणसं गलोल घेऊन झाडाखाली राखण करत बसतात. तुतीचं रेशीम घरात तट्ट्यांवर वाढतं, त्याला ही धास्ती नाही. कोसा मोकळ्या रानात वाढतो, म्हणून त्याच्या प्रत्येक वारात कुणाची तरी उन्हापावसातली राखण असते. कोष सोड्याच्या पाण्यात उकळून सलग तार काढतात, ती साडीला जाते. ज्या कोषातून पतंग भोक पाडून निघून गेला, त्याची तार तुटकी. ती तशीच ओढून जो गाठीगाठींचा जाडाभरडा धागा काढतात तो घिच्चा. रंग मधाचा. साडीवाल्यांना तो जरा कमी प्रतीचा वाटतो, क्रोशाला तो चालतो. फक्त सुईवर तो लोकरीसारखा मुकाट सरकत नाही. दर वितीला गाठ येते, सुई अडते, आणि तर्जनीच्या पेरावर एक लाल रेघ उमटते ती शाल संपेपर्यंत जात नाही.

नमुना फुलांचा होता. एकेक फूल सुटं विणायचं आणि त्याच्या शेवटच्या फेरीत शेजारच्या फुलांना जोडत जायचं. टोकाला एक फूल, त्याच्या वरच्या ओळीत दोन, मग तीन, अशा १२ ओळी. फुलं होतात ७८. ऐकायला हे सोपं आहे, पण या त्रिकोणात एक लबाडी लपलेली आहे. टोकापासून सुरुवात केलेली बाई सहाव्या ओळीला पोचली की खुशीत येते. निम्म्या ओळी झाल्या, निम्मी शाल झाली. मोजून पाहिलं तर सहा ओळींत फुलं फक्त २१. उरली ५७. शेवटच्या तीनच ओळींत ३३ फुलं बसलेली असतात. रस्त्याच्या कामांवर 'पन्नास टक्के पूर्ण'चे फलक लावणारी माणसं टोकाकडून मोजत असावीत, अशी मला दाट शंका आहे.

म्हणून मी रुंद बाजूनं सुरुवात करणाऱ्यांच्या पंथातली. पहिली ओळ १२ फुलांची, जीव काढते, पण त्यानंतर प्रत्येक ओळीला एक फूल कमी. जसजसा कंटाळा वाढतो तसतसं काम घटतं. टोकाकडून चढणाऱ्यांचं म्हणणं असं की धागा कुठंही संपला तरी त्यांच्या हातात लहान का होईना, पूर्ण त्रिकोण असतो, आणि आमच्यासारख्यांकडं खालचं टोक उडालेला तुकडा. युक्तिवाद खरा आहे. पण धागा संपेल या भीतीनं काम आखणाऱ्या बायकांशी माझं एकूणच कमी जमतं.

आता फूल. सहा साखळ्या घालून मुक्या टाक्यानं त्यांचं कडं करायचं. त्या कड्यात बारा खांब. पुढच्या फेरीत एकाआड एक खांबावर तीन दुहेरी खांब घ्यायचे, पण ते पुरे करायचे नाहीत; प्रत्येकाचा शेवटचा वेढा सुईवर राहू द्यायचा. सुईवर चार वेढे जमले की धागा घेऊन चारांतून एका दमात ओढायचा. ही एक पाकळी, पोटाशी पसरट आणि शेंड्याला आवळलेली. मग पाच साखळ्या आणि दुसरी पाकळी. बारा खांबांवर पाकळ्या बसतात सहा. चारांतून धागा ओढण्याचा क्षण हीच काय ती या कामातली कसोटी. सुई चौथ्या वेढ्यात अडली की घिच्च्याची गाठ तिथंच असते, आणि ओढावं तर पाकळी आवळते, सोडावं तर चारही वेढे निसटतात.

हे चाललेलं असताना शेजारचे काका पेपर मागायला आले. काका वनखात्यातून निवृत्त झाले. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या आधीपासून ते तिकडच्या जंगलांत हिंडलेले. त्यांनी फूल हातात घेऊन विचारलं, "वहिनी, हे फूल कोणतं?"

"फूल आहे."

"ते दिसतंय. कोणत्या झाडाचं?"

नमुना कुठल्याशा परदेशी बाईचा होता. तिनं झाडाचं नाव दिलं नव्हतं. काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सावर, पाच पाकळ्या. बहावा, पाच. कुडा, पाच. शिवण, पाच. पळस दिसतो चोचीसारखा, पण सोडवून पाहिला तर त्याच्याही पाचच, त्यातल्या दोन एकमेकींना चिकटलेल्या. मोहाचं म्हणाल तर ते फुलासारखं वागतच नाही, पाकळ्यांचा रसाळ गोळा होऊन पहाटे टपटप खाली येतं. "आपल्या जंगलात पाचाचं राज्य आहे," काका म्हणाले, "तुम्ही हे सहाचं आणलंत कुठून?" आणि पेपर घेऊन गेले.

काका गेले तरी प्रश्न जाईना. झाडीपट्टीतली शाल, कोशाचा धागा, आणि फूल परक्या देशातलं, हे मलाही खटकू लागलं. मी दहा खांबांवर पाच पाकळ्यांचं एक फूल विणलं आणि त्याच्याभोवती पाच फुलं जोडून पाहिली. सगळा तुकडा मधून वर उठला आणि त्याची टोपी झाली. हातानं दाबला, ओला करून दाबला, पुस्तकाखाली ठेवला. पुस्तक काढलं की टोपी. मग हट्टानं सात पाकळ्यांचं विणून पाहिलं. त्याच्याभोवती सात जोडल्यावर तुकडा कडेला लाटा मारू लागला, फ्रॉकची झालर तयार.

समोरच्या वहिनी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. एका बिंदूभोवतीचा पूर्ण फेर ३६० अंशांचा, त्यात ६० अंशांचे सहा त्रिकोण बिनबोभाट बसतात. पाच ठेवले तर जागा उरते, ती भरायला कापड वर उचललं जातं. सात कोंबले तर जागा पुरत नाही, म्हणून ते मुरडतं. मधमाशी हे शाळेत न जाता पाळते. वहिनींनी आणखी एक सांगितलं. जी साताची झालर मी वैतागून बाजूला टाकली होती, तिच्यापायी गणितज्ञ कितीतरी वर्षं अडलेले होते. जो पृष्ठभाग जिथं तिथं असाच मुरडत राहतो तो कागदावर दाखवता येतो, पण हातात घेण्याजोगा टिकाऊ नमुना करायचा म्हटला की कागद फाटतात. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या लॅटव्हियाहून आलेल्या गणिताच्या बाईंनी क्रोशाची सुई घेतली, ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्या, आणि तो पृष्ठभाग विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिला. रुखवतातल्या मावश्यांनी टोपड्याची झालर करताना वर्षानुवर्षं हेच केलं होतं. त्यांना कुणी सांगितलं नाही.

वहिनींचं गणित कळलं, पण पटलं ते बाजारात. सुपं-टोपल्या विकायला बसणाऱ्या एक बुरूड आजी आहेत, त्यांच्याकडं कोंबड्या झाकायचं डालं असतं. त्याची जाळी सहा कोनांची, बांबूच्या कामट्या तीन दिशांनी एकमेकींत अडकवलेल्या. मी माझे तीन तुकडे पिशवीतून काढून त्यांच्यापुढं मांडले. त्यांनी टोपीवाला उचलला, उलटा केला आणि हसल्या. "बूड सपाट पायजे त सा. काठ उचलाचा त पाच घेवाचे." डालं फिरवून त्यांनी कोपरा दाखवला. खरंच, जिथं बूड वळून बाजू वर चढते तिथल्या भोकाला पाचच कडा होत्या. मी सात पाकळ्यांचा तुकडा पुढं केला. "हे बिघडलं," म्हणाल्या. तायमिनाबाईंशी त्यांची गाठ घालून द्यायला हवी.

आजींचं सगळं आयुष्य बांबूत गेलं, आणि त्यातला बराच काळ कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं. जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला गवत म्हणत, आपला वन कायदा झाड म्हणे. २०१७ साली दुरुस्ती झाली आणि निदान जंगलाबाहेरचा बांबू झाडपणातून सुटला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं त्याच्या आधीच, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून, आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा लढा दिला आणि जिंकला. गवताला झाड म्हणणाऱ्या व्यवस्थेत वाढलेल्या आम्हा लोकांना त्रिकोणाला अर्धा चौकोन म्हणणाऱ्या सासूबाईंचं नवल वाटायचं कारण नाही.

तर सहाच हवेत हे ठरलं. पण मग फूल कुणाचं? बागेतल्या लिलीचं म्हणता आलं असतं. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीच्या सहा पाकळ्या असतात आणि त्यांच्या कडा अशा मुरडलेल्या की क्रोशाच वाटावा. मी उत्साहानं ते नाव सुचवलं. वहिनी म्हणाल्या, "नणंदेला देणार आणि कळलावी काढून देणार? बघा बाई." ते तिथंच राहिलं.

उत्तर जुलैत आलं, आणि तेही रस्त्याच्या कडेच्या सागावरून. जोराच्या पावसात एक तुरा मोडून अंगणात पडला. सागाचा तुरा चांगला हातभर, त्याला असंख्य फांद्या आणि फांद्यांना पांढरी फुलं. पण एकेक फूल इतकं बारकं की चष्मा लावूनही अंदाजच करावा लागतो. वहिनींच्या मुलानं शाळेचं भिंग आणलं. सहा पाकळ्या. दुसरं फूल, सहा. तिसरं, सहा. चौथं निघालं पाचाचं. सागाच्या एकाच तुऱ्यात दोन्ही असतात, सहाची जास्त.

काकांना बोलावलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. सागाची गोलाई, उंची, घनमीटर, हातोड्याचे ठसे, लिलावाच्या थप्प्या, सगळं त्यांना तोंडपाठ. आलापल्लीचा साग, बल्लारपूरचा डेपो, देशभरच्या लाकूडबाजारात अजून चालणारं 'सीपी टीक' हे जुन्या मध्य प्रांताचं नाव, मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथून वाजतगाजत निघालेलं सागवान, यावर ते तासभर बोलू शकतात आणि बोलतातही. भिंग खाली ठेवून म्हणाले, "सारी नोकरी सागात गेली. वर कधी पाहिलंच नाही." मग लगेच सावरून म्हणाले, "आणि पाचाचं पण निघालं बरं का एक." काकांनी हार अशी मानली. पुढं कुणी विचारलं की मी सागाचं फूल सांगू लागले. बारकंसं मोठं करून घेतलंय, एवढंच.

कुणी विचारलं म्हणजे बायकांनीच. पुरुष 'छान' म्हणतात आणि पुढचा प्रश्न विचारतात, "विकलंत तर किती येतील?" याचं उत्तर द्यायला बसलं की मजा येते. सरावलेल्या हाताला एका फुलाला वीस-पंचवीस मिनिटं. ७८ फुलांना तीसएक तास. कोशाचा धागा वेगळा. साधी मजुरी लावली तरी जो आकडा होतो तो ऐकून विचारणारा म्हणतो, "एवढ्यात तर दोन शाली येतात." येतात की. विणकामाची यंत्रं कधीचीच आली, पण हातच्या क्रोशाची हुबेहूब नक्कल करणारं यंत्र अजून बाजारात नाही. म्हणजे दुकानात स्वस्त क्रोशा दिसला तर तो कुणाच्या तरी हातांनीच केलेला असतो, आणि ते हात स्वस्तात गेलेले असतात.

कुठं गेलेले असतात तेही पाण्याची वाट धरली तर सापडतं. आमच्या गावची झरपट इरईला मिळते, इरई वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. आणि गोदावरी आंध्रात समुद्राला मिळण्याआधी फाटते, तिच्या एका फाट्यावर नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथल्या बायकांना क्रोशा शिकवला. युरोपात त्याच सुमाराला बटाट्याचं पीक बुडालेल्या आयर्लंडमध्ये उपाशी घरांतल्या बायका क्रोशाची लेस विकून पोट भरत होत्या, म्हणजे ही कला भरल्या पोटाची कधीच नव्हती. नरसापूरच्या आसपासच्या गावांतून हजारो बायका परदेशी टेबलांसाठी लेस विणत आल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली आलं. त्यात त्यांनी दाखवलं की तासन्तास विणून, व्यापाऱ्यांना नफा मिळवून देऊनही या बायका हिशोबात धरल्या जात ते घरी बसलेल्या गृहिणी म्हणून. लेस म्हणे फावल्या वेळची. मला हे वाचून आमच्या दुपारच्या बैठकीतल्या एकूण एक बायका आठवल्या. आमच्याकडंही येणारा जाणारा म्हणतो, "रिकामपणी चांगला उद्योग आहे." रिकामपण म्हणजे धुणं, भांडी, डबे, शाळा, सासूबाईंच्या गोळ्या आणि कूलरमधलं पाणी यांच्या मधली फट. त्या फटीत ७८ फुलं बसवून दाखवावीत कुणी.

शेवटचं फूल जोडून झालं म्हणजे शाल झाली, असं ज्यांनी विणलेलं नाही त्यांना वाटतं. प्रत्येक फुलाला दोन टोकं, सुरुवातीचं आणि शेवटचं. ७८ फुलांची १५६ टोकं शालीच्या उलट बाजूला लोंबत असतात. ती एकेक करून जाड सुईत ओवायची, मागच्या टाक्यांखालून एकदा या दिशेनं, एकदा उलट दिशेनं न्यायची आणि कापायची. गाठ मारायची नाही, गाठ टोचते आणि सुटतेही. हे काम कुणाच्या नमुन्यात लिहिलेलं नसतं, कुणी त्याचा फोटो काढत नाही. वहिनींनी दोन संध्याकाळी मदत केली, काकांना सुई ओवता येते हेही त्या निमित्तानं कळलं.

मग शाल पाण्यातून काढली, बाजेवर जुनी चादर अंथरून ताणली, कडेच्या प्रत्येक फुलाला टाचणी लावली. पुण्यात याला एक दिवस लागतो म्हणे. आमच्याकडं श्रावणातली उघडीप होती तरी तासाभरात वाळली. टाचण्या काढल्यावर सपाट राहिली, कुठं टोपी नाही, कुठं झालर नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून आधी उलट बाजू पाहिली. जुन्या जाणत्या बायका सुलट बाजू नंतर बघतात. एक टोक नखानं ओढून पाहिलं, निघालं नाही. फुलं मोजली नाहीत, पण वरची ओळ बोटांनी मोजली, १२. शाल खांद्यावर टाकली, आरशापर्यंत गेल्या, पाठमोऱ्या होऊन मान वळवून टोक कुठं येतं ते पाहिलं. परत आल्या आणि नीट घडी घालू लागल्या. त्रिकोणाची घडी काही केल्या त्यांच्या मनासारखी बसेना.

"चांगली झाली," म्हणाल्या. "आता दुसऱ्या बाजूनं कधी करतेस?"

"आई, झाली ती. पूर्ण आहे."

त्यांनी वहिनींकडं पाहिलं. गणिताच्या बाईंचा सासूबाईंना फार आधार वाटतो. वहिनींना मी डोळ्यांनी खुणावत होते, पण शिक्षकी पेशा; विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. "चार बाजू करायच्या तर बारा बारं एकशे चव्वेचाळीस फुलं लागतील, काकू. अठ्ठ्याहत्तर झाली. राहिली सहासष्ट."

"घे," सासूबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अर्ध्याच्या वर त झालं."